कातळटप्प्यांच्या छोट्या डोंगरफेरीत या चुका टाळा

कोकणातले छोटे डोंगर लोक हलक्यात घेतात. चार-पाच किलोमीटरचा फेरा, एका सोंडेने वर जायचं, पलीकडून उतरायचं, दुपारच्या जेवणाला घरी. पनवेलजवळच्या कर्नाळा किल्ल्याची उंची जेमतेम साडेचारशे मीटर, मग घाबरायचं कशाला, असं मला दर हिवाळ्यात कुणीतरी विचारतं. चढ इथे जवळजवळ समुद्रसपाटीपासूनच सुरू होतो आणि माथ्याजवळ डोंगर एकदम उभा होतो, हे त्यांना वर पोचल्यावर कळतं.

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फेरा उलटा मारणं. कातळटप्पा, म्हणजे हातापायांनी चढायचा उभा खडक, नेहमी चढायला घ्यावा आणि मळलेली सोपी वाट उतरायला ठेवावी. चढताना पुढची पावठी डोळ्यांसमोर असते, खोबणीत आधी हात जातो, मग पाय. उतरताना पाय कुठे टेकवायचा तेच दिसत नाही.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात रोह्याच्या बाजूला आम्ही सातजण गेलो होतो. दोघं नवीन, तब्येतीने दणकट. गावातल्या देवळापाशी थांबा म्हणून सांगितलं होतं, तरी ते सोप्या वाटेने पुढे निघून गेले. त्यांना गाठायला आम्हीही त्याच वाटेने चढलो. खरं तर मी त्यांना हाक मारून परत आणायला हवं होतं. दुपारी चारला आम्ही पंधरा फुटी कातळाच्या माथ्यावर उभे होतो आणि खाली दरीकडे तोंड करून एकजण बसून घसरायला लागला. त्याची सॅक मागच्या दगडाला अडली आणि तिनेच त्याला पुढे ढकललं. हाताशी आलेलं कारवीचं झुडूप त्याने धरलं, ते मुळासकट निघालं. सॅकचा पट्टा माझ्या हातात आला म्हणून तो वाचला. त्याच्या कोपराखालची कातडी मनगटापर्यंत सोलली होती. मग आधी सॅक सोडल्या, दोर लावला आणि एकेकाला उतरवलं. दीड तास गेला. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. सातजणांत विजेऱ्या दोनच होत्या.

तेव्हापासून पहिल्याच कातळावर मी प्रत्येकाला चार फूट चढायला आणि तेवढंच उतरायला लावतो. कातळाकडे तोंड, दोन हात आणि दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले, चौथा हलवायचा. आधी उतरलेला बाजूला उभा राहून सांगतो, ‘डावा पाय, वीतभर खाली.’ अगदी खाली उभं राहायचं नाही, दगड सुटतात. ज्याला हे चार फूट उतरता येत नाहीत, त्याच्यासोबत आम्ही सगळे तिथूनच मागे फिरतो. घाई असलेल्यांना हा वेळकाढूपणा वाटतो. वाटू दे. गवत आणि झुडपं धरू नका, बसून घसरू नका.

दुसरी चूक उतरतानाची, शॉर्टकटची. पाय दुखायला लागले की रुंद दिसणारी कुठलीही वाट गावाकडेच जाते असं वाटू लागतं. त्यातल्या बऱ्याच ढोरवाटा असतात. गुरं चरायला जातात, पाण्यावर जातात, त्यांची वाट तिथेच संपते. ओहोळाच्या घळीतून सरळ खाली जाणं तर त्याहून वाईट. पावसाळ्यात जिथे धबधबा पडतो, तिथे हिवाळ्यात कोरडा कडाच असतो आणि तोपर्यंत वर चढायची ताकद संपलेली असते. फेऱ्यात चढलेली वाट परत दिसत नाही, म्हणून निघण्याआधीच गावात उतरायच्या वाटेच्या खुणा विचारून घ्या. वड, विहीर, वाडी, ओहोळ कुठे ओलांडायचा ते. वाडीतला माणूस सोबत घेऊन त्याला योग्य पैसे दिलेत तर उत्तमच. मोबाइलवरच्या ट्रॅकवर भिस्त ठेवू नका. दाट झाडीत आणि घळीत जागा चुकीची दिसू शकते आणि फोनची बॅटरीही संपते. वाट चुकली की शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत वर परत या, कितीही जिवावर आलं तरी.

पावसात काळ्या कातळावर शेवाळ धरतं. कितीही भारी बूट असले तरी जून ते सप्टेंबर मी कातळटप्प्यांना हात लावत नाही.

पाणी माणशी तीन लिटर. किनाऱ्याजवळच्या दमट हवेत घाम सुकत नाही, अंग तापतच राहतं. मी एका बाटलीत मीठ घातलेलं कोकम सरबत नेतो. डोंगरावर कातळात खोदलेल्या टाक्यातलं पाणी न उकळता पिऊ नका.

कर्नाळ्याच्या सुळक्यावर मधमाश्यांची मोहोळं असतात. तिथे अत्तर, धूर, आरडाओरडा काहीच नको. माश्या उठल्या तर हात झाडत उभं राहू नका, तोंड झाकून तिथून निघा, पण कड्याच्या बाजूला पळू नका.