नाशिकहून एकटीने परदेशी: पहिल्या प्रवासाची तयारी

एकटीने पहिल्यांदा परदेशी जाताना गाडी अडते ती बहुतेक वेळा एखाद्या काउंटरवर. तिकिटावरचं नाव पासपोर्टशी जुळत नाही, कार्ड चालत नाही, किंवा रात्री दोनला उतरल्यावर हॉटेलवाला फोन उचलत नाही. म्हणून आमचा आग्रह असा, की फिरायच्या यादीपेक्षा जास्त वेळ कागदपत्रांवर आणि पोहोचल्यानंतरच्या पहिल्या चोवीस तासांवर घालवा.

पासपोर्ट आणि नाव

पासपोर्टची कोरी पुस्तिका छापली जाते ती नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये, आणि अर्जासाठीही मुंबई गाठावी लागत नाही, पासपोर्ट सेवा केंद्र नाशकातच आहे. 36 पानी पासपोर्टचे 1500 रुपये, 60 पानीचे 2000. तत्काळ हवा असेल तर वर आणखी 2000. पुण्यात नोकरी करत असाल तर अर्जात सध्या खरोखर राहता तोच पत्ता लिहा. आई-बाबांचा नाशिकचा पत्ता दिला आणि पोलीस पडताळणीच्या वेळी तुम्ही तिथे राहत नाही असं निघालं, तर अहवाल विरोधात जातो आणि फाइल अडकते. दहावीचं प्रमाणपत्र सोबत जोडा. ते नसेल तर पासपोर्टवर ‘ईसीआर’ (परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक) असा शेरा येऊ शकतो. पर्यटनाला तो आड येत नाही, पण पुढे आखाती देशात नोकरीसाठी जाताना जास्तीची परवानगी काढावी लागते.

नावाचं प्रकरण नीट समजून घ्या. पासपोर्टवर आडनावाचा एक रकाना आणि बाकीच्या नावाचा एक. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे येतं, ते या दुसऱ्या रकान्यात छापलेलं असेल तर तिकीट आणि व्हिसावरही तसंच टाका. आधारवर ‘दीपाली’ला दोन ‘ई’ आणि पासपोर्टवर एक ‘आय’ असेल, तर परदेशात पासपोर्टवरचंच स्पेलिंग खरं. आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका. एकाच शब्दाचं नाव असलेल्या पासपोर्टवर संयुक्त अरब अमिराती पर्यटक व्हिसावर प्रवेश देत नाही. लग्न ठरलेलं असेल तर प्रवास होईपर्यंत नाव बदलण्याची घाई नको.

परतीच्या तारखेनंतरही पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली असावी आणि दोन पानं कोरी असावीत.

देश आणि व्हिसा

पहिल्या खेपेला थायलंड, व्हिएतनाम, श्रीलंका किंवा सिंगापूर बरे. घड्याळात फार फरक पडत नाही (थायलंड आणि व्हिएतनाम आपल्यापेक्षा दीड तास पुढे, श्रीलंकेची वेळ आपलीच), आणि एकट्या फिरणाऱ्या मुली तिथे नवीन नाहीत. व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा एकदा बघा.

इथे फसवणूक खूप होते. व्हिएतनामचा एका प्रवेशाचा ई-व्हिसा 25 डॉलरला मिळतो आणि सरकारी पत्त्याचा शेवट ‘डॉट जीओव्ही डॉट व्हीएन’ असा असतो. शोधल्यावर वर दिसणारी बरीच पानं दलालांची असतात. थायलंडला जाण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं, ते फुकट आहे. पैसे मागणारं पान दिसलं की बंद करा. ई-व्हिसावर पासपोर्ट क्रमांकाचा एक आकडा चुकला तरी तो व्हिसा निरुपयोगी ठरतो, म्हणून छापून घेऊन पासपोर्टशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा.

युरोपचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी मिळून एकच) हा वेगळा आणि वेळखाऊ मामला. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, विमा किमान 30,000 युरोचा लागतो, बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळत नाहीत. मे महिन्यात जायचं तर जानेवारीत हालचाल सुरू करा.

पैसे

तीन वाटा ठेवा: एक फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड), एक बँकेचं कार्ड आणि 150-200 डॉलरची रोकड. तिन्ही एका पाकिटात नकोत. बँकेच्या कार्डावर परदेशातला व्यवहार बहुधा बंदच असतो. निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन तो सुरू करा आणि मर्यादा कमी ठेवा. भारतीय सिम फोनमध्ये चालू राहू द्या, ओटीपी त्यावरच येतो. ते सिम काढून तिथलं घातलं की पैसे असूनही हात बांधले जातात. म्हणून फोनमध्ये चालत असेल तर तिथलं ई-सिम घ्या, त्याला वेगळी चिप घालावी लागत नाही. दुकानात किंवा एटीएममध्ये ‘रुपयांत की स्थानिक चलनात?’ असं विचारलं तर नेहमी स्थानिक चलन निवडा, रुपयांचा भाव महाग लावलेला असतो. यूपीआय काही देशांत चालतं, पण त्याच्या भरवशावर निघू नका.

बॅग

वीस हजार एमएएचची पॉवरबँक साधारण 74 वॅट-तासांची भरते. मर्यादा 100 ची आहे, म्हणजे चालते, पण ती फक्त हातातल्या बॅगेत. चेक-इन बॅगेत सापडली की बॅग उघडायला बोलावतात. लोणचं आणि तूप हातातल्या बॅगेत नको, 100 मिलीवरचं सगळं सुरक्षा तपासणीत काढून घेतात. सुकं खोबरं चेक-इनमध्ये चालत नाही.

घरून फराळ देतील तेव्हा एक गोष्ट आईला सांगा: खसखस. अमिराती आणि सिंगापूरमध्ये ती बंदी असलेल्या पदार्थांत येते, त्यामुळे अनारसे आणि खसखस घातलेला मसाला तिकडे न्यायचा नाही. ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेली औषधं अमिरातीत विनापरवाना नेणं गुन्हा आहे. कुठलंही औषध मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. पेपर स्प्रे नेऊ नका. ब्रिटनमध्ये तो बाळगणंच बेकायदेशीर आहे. त्यापेक्षा दाराखाली सरकवायची रबरी पाचर न्या, रात्रीच्या झोपेला तिचा जास्त उपयोग. सॅनिटरी पॅड सगळीकडे मिळतात, तरी एका पाळीपुरते सोबत असू द्या. पाळी पुढे ढकलायची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

मुंबई विमानतळ गाठताना

सर्वांत महाग पडणारी चूक तारखेची. 15 तारखेला रात्री 1.30 चं विमान म्हणजे 14 च्या दुपारीच नाशिक सोडायचं. कॅलेंडरमध्ये विमानाची वेळ लिहू नका, घरातून निघायची वेळ लिहा.

आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी टर्मिनल दोनवर असायला हवं, आणि चेक-इन काउंटर बहुधा तासभर आधी बंद होतो. समृद्धीवरून इगतपुरीच्या पुढे गेलं की कसारा घाट टळतो, पण आमण्याला उतरल्यावर भिवंडी ते ठाणे ही कोंडी तशीच आहे. गाडीने जायचं तर सहा तास धरून निघा, पावसाळ्यात सात. रेल्वेने ठाण्याला उतरून टॅक्सी करणं पुष्कळदा जास्त खात्रीचं.

इमिग्रेशनवर अधिकारी विचारतात: कुठे, किती दिवस, कुणाबरोबर, खर्च कोण करतंय. खरं आणि थोडक्यात सांगा. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि रजेचं पत्र छापील ठेवा. अठरा पूर्ण असतील तर आई-वडिलांचं संमतिपत्र लागत नाही.

पहिली रात्र

शक्यतो उजेडात उतरणारं विमान घ्या, दोन-तीन हजार जास्त गेले तरी. पहिल्या दोन रात्रींचं ठिकाण आधीच पक्कं असावं: चोवीस तास रिसेप्शन, मुख्य रस्त्याजवळ, आणि एकट्या आलेल्या बायकांनी लिहिलेले अलीकडचे अभिप्राय. तळमजल्याची खोली नको. हॉस्टेल निवडलं तर फक्त मुलींची डॉर्म आणि कुलूप लागणारं कपाट बघा. कुलूप आपलं न्या.

हॉटेलचा पत्ता तिथल्या लिपीत स्क्रीनशॉट करून ठेवा. थायलंडमधल्या टॅक्सीवाल्याला इंग्रजी अक्षरं वाचता येतीलच असं नाही. विमानतळावर ‘मॅडम, टॅक्सी?’ म्हणत जवळ येणाऱ्यांबरोबर जाऊ नका. अधिकृत रांग धरा किंवा ग्रॅबसारखं टॅक्सीचं अ‍ॅप वापरा आणि बसण्याआधी गाडीचा नंबर जुळवा. रिसेप्शनवर खोली क्रमांक कुणी मोठ्याने सांगितला तर दुसरी खोली मागा, त्यात संकोच नको.

घरच्यांशी फोनची वेळ ठरवा, पण फोन आला नाही तर काय करायचं हेही ठरवा. ‘रात्री नऊला मेसेज येईल, नाही आला तर दोन तास थांबा, मग हॉटेलला फोन करा’ असं लिहून द्या. नाहीतर नेटवर्क गेल्यावर सिडकोतल्या घरात सगळी रात्र जागरण. हॉटेलचा फोन, पासपोर्टची प्रत, विम्याचा क्रमांक आणि तिथल्या भारतीय दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक घरी कागदावर असू द्या. युरोपात मदतीसाठी 112, थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा 1155.

पासपोर्ट हरवला तर आधी स्थानिक पोलिसांत तक्रार करून तिची लेखी प्रत घ्या. ती घेऊन दूतावासात गेलं की तातडीचं प्रमाणपत्र मिळतं, पण ते भारतात परतण्यापुरतंच असतं. त्यानंतर त्या देशाच्या इमिग्रेशनकडून बाहेर पडायची परवानगीही घ्यावी लागू शकते, म्हणजे विमान त्याच दिवशी मिळेल असं धरू नका. चार पासपोर्ट फोटो आणि पहिल्या-शेवटच्या पानाच्या छापील प्रती पासपोर्टपासून वेगळ्या बॅगेत असतील तर हे काम बरंच लवकर उरकतं.

परतीचं विमान मध्यरात्री मुंबईत उतरत असेल, तर थकलेल्या अवस्थेत एकटीने रात्रीची टॅक्सी करून नाशिक गाठू नका. रात्र टर्मिनलमध्येच काढा किंवा जवळ खोली घ्या, आणि उजाडल्यावर दादर किंवा ठाण्याहून गाडी पकडा. त्या गाडीचं आरक्षण निघण्यापूर्वीच करून ठेवा.