प्रिंट स्क्रीन दाबलं, पण फोटो गेला कुठे?

विंडोज ११ मध्ये स्क्रीनचा फोटो काढायचं प्रिंट स्क्रीनचं बटण दाबून काहीच होत नव्हतं. बटण खराब नव्हतं. लॅपटॉपवर त्याच बटणाला दुसरं काम दिलेलं होतं. कीबोर्डवरचं एफएन (Fn) बटण धरून दाबल्यावर ते चाललं.

नुसतं प्रिंट स्क्रीन दाबल्यावर काय व्हावं, हे सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग कीबोर्ड इथल्या स्विचवर ठरतं. चालू असेल तर स्निपिंग टूल, म्हणजे विंडोजचं स्क्रीनचा फोटो काढायचं ॲप, उघडतं. बंद असेल तर चित्र गुपचूप क्लिपबोर्डवर (कॉपी केलेलं तात्पुरतं राहतं तिथे) जातं आणि माणूस फाइल शोधत बसतो! पेंट उघडून कंट्रोल+व्ही केलं की सापडतं. थेट फाइल हवी असेल तर विंडोज+प्रिंट स्क्रीन: स्क्रीन क्षणभर मंद होते आणि पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये चित्राची पीएनजी फाइल पडते. वनड्राइव्हचा (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीचा) बॅकअप चालू असेल तर हे पिक्चर्स फोल्डर वनड्राइव्हच्या आत असतं, तिथे बघा.

फक्त समोरची खिडकी हवी तर ऑल्ट+प्रिंट स्क्रीन. मला मात्र विंडोज+शिफ्ट+एस सगळ्यात सोयीचं वाटतं, हवा तेवढाच चौकोन ओढता येतो.

खरी डोकेदुखी उघडलेल्या मेनूची. शॉर्टकट दाबताच काही मेनू मिटतात. स्निपिंग टूल उघडून घड्याळाच्या चिन्हावर ५ सेकंद निवडा, 'न्यू' दाबा, तेवढ्यात मेनू उघडून माउस तिथेच ठेवा. ३ सेकंद कमी पडतात, विशेषतः मेनूच्या आत मेनू असेल तर.