पोटातल्या बाळाचा हिस्सा: वडिलांच्या पश्चात तो कसा राखावा

घरातला कर्ता पुरुष अकाली जातो आणि त्याची पत्नी त्या वेळी गरोदर असते. तेरावे उरकते, पाहुणे परततात आणि मग कागद पुढे येतात. त्या कागदांत एका वारसाचा उल्लेख बहुधा नसतो, कारण त्याचे अजून बारसेच झालेले नसते. आमच्या भागातल्या एका घरी मी हे जवळून पाहिले. प्रतिज्ञापत्र टाइप होऊन आले होते आणि त्यात पत्नी, चार वर्षांची मुलगी व आई अशी तीन नावे लिहून खाली नेहमीचे वाक्य होते: ‘याव्यतिरिक्त मयतास अन्य कोणीही वारस नाही.’ सही करायला पेन पुढे झाले, तेव्हा भिंतीला टेकून बसलेले चुलत आजोबा एवढेच म्हणाले, “सूनबाईंना सातवा लागलाय. मग अन्य वारस नाही, हे कोणी लिहिलं?” कोणालाच उत्तर देता आले नाही. त्या दिवशी सही झाली नाही, आणि तेच योग्य झाले.

ज्या घरावर हा प्रसंग आला आहे, त्या घरासाठी हे लिहीत आहे. मी हिंदू कुटुंबापुरते बोलतो, कारण धर्मशास्त्र आणि आजचा कायदा या मुद्द्यावर एकमेकांच्या किती जवळ उभे आहेत हे त्यात नीट दिसते. ख्रिस्ती कुटुंबांनाही भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम २७ मध्ये असेच संरक्षण आहे. तिथेही मृत्यूसमयी गर्भात असलेले व पुढे जिवंत जन्मलेले मूल आणि आधी जन्मलेले मूल यांत भेद केलेला नाही.

धर्म काय सांगतो, हे आधी समजून घ्यावे

कागद करण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना एक गोष्ट पटवून द्यावी लागते. पोटातल्या बाळासाठी थांबणे ही वकिलांनी काढलेली नवी पळवाट नाही, ती आपल्या शास्त्राची जुनी आज्ञा आहे. चरकसंहितेत शुक्र, शोणित आणि जीव यांचा कुशीत संयोग झाला की त्याला ‘गर्भ’ ही संज्ञा दिलेली आहे. गर्भोपनिषद जीवाचा संयोग सातव्या महिन्यात सांगते. सुश्रुत चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते असे म्हणतो आणि दोन हृदये धारण करणाऱ्या त्या स्त्रीला ‘दौहृदिनी’ म्हणतो. आपण डोहाळे पुरवतो, डोहाळजेवण करतो, ते याच कल्पनेतून: आईच्या तोंडून दुसरे कोणी मागत आहे, अशी ती श्रद्धा आहे. जीव नेमका केव्हा येतो याबद्दल ग्रंथांत एकवाक्यता नाही हे प्रामाणिकपणे मान्य करावे. मात्र गर्भ म्हणजे ‘कोणीतरी’ आहे, याबद्दल त्यांचा सूर एकच आहे.

व्यवहारातही शास्त्राने हे उतरवले. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात नावेने नदी ओलांडताना उतारू कर कोणाकडून घेऊ नये हे सांगताना दोन महिन्यांवरच्या गर्भिणीचा उल्लेख आहे. तिसऱ्या अध्यायात अतिथींच्याही आधी जिला जेवायला वाढावे, तीही गर्भिणीच. आणि वाटणीचा प्रश्न येतो तिथे मिताक्षरा स्पष्ट आहे. विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्य राजवटीत याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेली ही टीका आपल्या महाराष्ट्राच्या वारसा-परंपरेचा पाया आहे. वसिष्ठाच्या वचनाचा आधार देऊन ती सांगते की कुटुंबातल्या स्त्रीचा गर्भ स्पष्ट दिसत असेल, तर प्रसूतीपर्यंत थांबून मगच वाटणी करावी.

महाभारताचा शेवटही याच वाटेने जातो. अश्वत्थाम्याचे अस्त्र उत्तरेच्या गर्भावर रोखलेले होते, कारण पांडवांचा वंश त्या वेळी फक्त तिथेच उरला होता. आणि मराठ्यांच्या इतिहासात हे अक्षरशः घडले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा गंगाबाई गरोदर होत्या. बारभाईंनी त्यांना पुरंदरावर नेले आणि त्यांच्या नावाने कारभार सुरू केला. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. रघुनाथरावांनी पेशवाईची वस्त्रे आधीच मिळवली होती, तरीही पोटातल्या मुलाचा हक्क मोठा ठरला. घरात कोणी ‘जन्मलेलेच नाही त्याचा कसला हक्क’ असे म्हणाले, तर पुरंदरची ही गोष्ट सांगावी.

कायदा नेमके काय देतो

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ चे कलम २० छोटे आहे. विनामृत्युपत्र मरण पावलेल्या व्यक्तीच्या मृत्यूसमयी जे अपत्य गर्भात होते आणि पुढे जिवंत जन्मले, त्याचा वारसाहक्क ते मृत्यूपूर्वीच जन्मले असते तर जितका असता तितकाच असतो, आणि मालमत्ता त्याच्याकडे मृत्यूच्या तारखेपासून आली असे मानले जाते. ‘जिवंत जन्मले’ ही अट इथे फार महत्त्वाची आहे. भारतीय कायदा गर्भाला पूर्ण कायदेशीर व्यक्ती मानत नाही. तो हक्क राखून ठेवतो आणि जन्माबरोबर मागील तारखेपासून बहाल करतो. धर्मदृष्टीने बाळ आधीपासून ‘आहे’, कायद्याच्या दृष्टीने ते ‘येणार आहे’. माझ्या मते श्रद्धाळू माणसाने या फरकाने अस्वस्थ होण्याचे कारण नाही, कारण थांबण्याची जबाबदारी दोन्हीकडे सारखीच आहे.

हिशेब उदाहरणाने पाहू. मयताच्या स्वकष्टार्जित चार एकरांत, म्हणजे १६० गुंठ्यांत, पत्नी, मुलगी आणि मयताची आई असे तीनच वारस धरले तर प्रत्येकी ५३ गुंठ्यांहून थोडे अधिक येते. पोटातले बाळ धरले की चार वाटे होतात आणि प्रत्येकी ४० गुंठे येतात. जुळे झाले तर प्रत्येकी ३२. म्हणून आधी वाटणी करून टाकणे म्हणजे कोणाच्या तरी पदरात दुसऱ्याची जमीन घालणे होय. मयताचे वडील हयात असले तरी ते पहिल्या वर्गातले, म्हणजे सर्वांत आधी वाटा मिळणारे, वारस नाहीत, हेही अनेकांना ठाऊक नसते. जमीन वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल तर हिशेब वेगळा होतो. त्यात २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगीही जन्मतः सहदायाद, म्हणजे मुलाइतकीच हिस्सेदार, आहे.

शास्त्राच्या श्लोकांत बहुतेक ठिकाणी ‘सुत’ म्हटले आहे, आज कायदा ‘अपत्य’ म्हणतो. मला हा धर्माचा विस्तार वाटतो. म्हणूनच पोटात मुलगा की मुलगी हे पाहण्याचा प्रयत्नही करू नये. तो १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि हिश्शाच्या हिशेबाला त्याची गरजही नाही.

प्रत्यक्षात काय करावे

पहिले काम गरोदरपणाचा पुरावा जपण्याचे. माता-बाल संरक्षण कार्ड, आशाताई किंवा परिचारिकेकडची नोंद आणि आठवडे लिहिलेला सोनोग्राफीचा अहवाल यांच्या प्रती मृत्यूच्या दाखल्यासोबत एकाच फाइलमध्ये ठेवाव्यात. पतीच्या निधनानंतर २८० दिवसांच्या आत मूल जन्मले आणि आईने पुनर्विवाह केलेला नसेल, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ११६ नुसार ते त्याच विवाहातले औरस अपत्य असल्याचा तो निर्णायक पुरावा ठरतो. कोणी कुजबुज केली तर ती या कलमापाशी थांबते.

दुसरे, सही करण्याआधी प्रत्येक कागदातले ‘अन्य वारस नाही’ हे वाक्य शोधावे आणि ते बदलून घ्यावे. मजकूर असा ठेवता येतो: ‘मयताचे निधनसमयी त्याची पत्नी गरोदर असून, तिच्या पोटी जिवंत जन्मणारे अपत्य वा अपत्ये हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २० अन्वये मयताचे वारस राहतील.’ वारस दाखल्यासाठी न्यायालयात अर्ज करायचा असेल तर त्यातही हाच मजकूर घालावा.

तिसरे, हक्कसोडपत्र. दुःखात बुडालेल्या बाईपुढे सर्वांत आधी जो कागद येतो तो बहुधा हाच. तिला स्वतःचा हिस्सा सोडता येतो, पण पोटातल्या बाळाचा हिस्सा तिच्या सहीने सुटत नाही. तरीही सही करू नये, कारण नंतरचा वाद वर्षानुवर्षे चालतो. प्रसूती होऊन महिना-दोन महिने जाईपर्यंत कोणतेच हक्कसोडपत्र, वाटणीपत्र किंवा खरेदीखत करू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

जमिनीचे काम मात्र थांबवून ठेवता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ नुसार मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. त्यामुळे तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज वेळेत द्यावा, त्यात गरोदरपणाचा उल्लेख लेखी करावा आणि अर्जाची पोच घ्यावी. कोणी परस्पर तीनच नावांचा फेरफार धरला, तर नोटिशीच्या मुदतीत लेखी हरकत नोंदवावी. तोंडी सांगितलेले सहा महिन्यांनी कोणालाही आठवत नाही.

थांबण्याच्या काळात एक वही घालावी. उसाचे बिल, घरभाडे, दुकानाची उलाढाल, आणि दुसऱ्या बाजूला दवाखाना, कर्जाचे हप्ते, क्रियाकर्माचा खर्च, हे तारखेनिशी लिहावे. याज्ञवल्क्याने एका ओळीत ही रीत घालून दिली आहे: ‘दृश्याद्वा तद्विभागः स्यादायव्ययविशोधितात्’. वाटणीनंतर जन्मलेल्याला, समोर दिसणाऱ्या संपत्तीतून आय आणि व्यय यांचा हिशेब करून वाटा द्यावा, असा त्याचा भाव. वाटणी घाईत होऊन गेली असेल तरी हेच सूत्र आधाराला येते. ती वाटणी अंतिम समजून गप्प बसू नये, बाळाच्या वतीने पुन्हा हिशेब मागता येतो.

मृत्यू घडण्याआधीच जो मृत्युपत्र करीत आहे, त्याने ‘माझी मुले’ एवढेच न लिहिता ‘माझ्या मृत्यूसमयी हयात असलेली तसेच पत्नीच्या गर्भात असलेली व पुढे जिवंत जन्मणारी सर्व अपत्ये’ असे लिहावे. एका ओळीने पुढचा सारा वाद टळतो.

आईबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पोटातल्या बाळाचा हक्क पुढे करून त्या बाईवर हुकूम चालवणारी घरेही मी पाहिली आहेत: माहेरी जाऊ नको, दवाखाना बदलू नको, पैसे आमच्या हाती दे. शास्त्राने गर्भिणीला अतिथीच्या आधी जेवू घातले आहे, तिच्यावर पहारा बसवलेला नाही. बाळाचा नैसर्गिक पालकही वडिलांनंतर तीच आहे.

प्रसूतीनंतर

बाळ जिवंत जन्मले की २१ दिवसांत जन्मनोंद करून घ्यावी. दुर्दैवाने बाळ काही तासच जगले, तरी जन्म आणि मृत्यू या दोन्ही नोंदी आवर्जून कराव्यात. एक श्वास घेतलेल्या बाळाकडेही हिस्सा आलेला असतो आणि तो पुढे त्याच्या वारसांकडे जातो. मुलगा असेल तर आईकडे, आणि मुलगी असेल तर वडिलांकडून आलेली मालमत्ता कलम १५ नुसार वडिलांच्या वारसांकडे. मृत जन्माची नोंद वेगळी होते आणि तिथे हिस्सा येत नाही. ही नोंद कोणती, हे डॉक्टरांच्या कागदावर स्पष्ट लिहून घ्यावे, त्या क्षणी ते कितीही जड वाटले तरी.

त्यानंतर जन्मदाखला जोडून तलाठ्याकडे पुरवणी अर्ज द्यावा, म्हणजे सातबारावर बाळाच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’, म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई, असा शेरा येतो. बाळाची जमीन विकायची किंवा गहाण टाकायची वेळ आली, तर हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ८ नुसार आधी न्यायालयाची परवानगी लागते. ती न घेता केलेला व्यवहार मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत रद्द करून मागू शकते. बारशाचा मुहूर्त लांबला म्हणून जन्मनोंद मात्र लांबवू नये. ती नावाशिवायही होते आणि पाळण्यात ठेवलेले नाव नंतर त्यात भरून घेता येते.