अमेरिकी राजकारणावरच्या प्रबंधासाठी फेलोशिप: अर्जातल्या या चुका टाळा

‘राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या नागरी हक्क धोरणाच्या अभ्यासासाठी ऑस्टिनच्या ग्रंथालयात जाणार’ एवढ्या वाक्यावर कोणी पैसे देत नाही. अर्ज पडतो तो बहुतेक वेळा इथेच, कारण विषय कळतो, पण पुरावा कुठून येणार हे कळत नाही. राष्ट्राध्यक्षांचे कागद जपणाऱ्या अशा ग्रंथालयांच्या संग्रहसूच्या ऑनलाइन असतात. त्या आधी वाचा आणि कोणत्या मालिकेतले, कोणत्या खोक्यातले, कोणत्या वर्षांचे कागद पाहणार ते अर्जात लिहा. शंका असेल तर तिथल्या अभिलेखपालांना सरळ ईमेल करा.

दुसरी चूक जास्त महागात पडते. सूचीत नाव आहे म्हणजे कागद हातात पडेलच असं नाही. फाइल उघडावी आणि मूळ टिपणाऐवजी काढून घेतलेल्या कागदांचा तक्ता निघावा, असं होतं. त्यात तारीख, कोणी कोणाला लिहिलं आणि रोखण्याचं कारण एवढंच असतं. रोखलेला कागद खुला करण्यासाठी फेरतपासणीची मागणी करता येते, पण तिचं उत्तर दोन आठवड्यांच्या मुक्कामात येत नाही. रेगन यांच्यापासून पुढच्या अध्यक्षांना 1978 चा अभिलेख कायदा लागू आहे. पद सोडल्यावर पाच वर्षांनी अमेरिकेच्या माहिती अधिकार कायद्याखाली कागद मागता येतात, तेही रांगेत थांबून. काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, तर तो माहिती अधिकार लागूच नाही. सिनेट समित्यांचे कागद साधारण 20 वर्षांनी, प्रतिनिधीगृहाचे 30 वर्षांनी खुले होतात, संवेदनशील असतील तर 50. त्यामुळे 2015 च्या एखाद्या समितीवर प्रबंध असेल, तर मुलाखती, छापील सुनावण्या, मतदानाच्या नोंदी यांवर आराखडा उभा करा आणि तसं स्पष्ट लिहा.

एकच अर्ज सगळीकडे पाठवू नका. मिसुरीतली ट्रूमन ग्रंथालयाची संस्थाच बघा: तिथलं संशोधन अनुदान कागद पाहायला जाण्यासाठी असतं, तर प्रबंध-वर्षाची फेलोशिप संशोधन बरंचसं आटोपून लिहायला बसलेल्यांसाठी. पहिल्यात प्रश्न आणि खोकी हवीत, दुसऱ्यात लिहून झालेली प्रकरणं आणि उरलेल्यांचं वेळापत्रक.

पात्रतेची ओळ आधी वाचा. एनएसएफची (अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाची) पदवीधर फेलोशिप अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांनाच मिळते, एफ-1 या विद्यार्थी व्हिसावरच्यांना नाही. कराचाही हिशेब ठेवा: शिक्षण शुल्काव्यतिरिक्त राहण्या-जेवणासाठी मिळालेली फेलोशिप करपात्र असते. करासाठी अनिवासी असलेल्या एफ-1 विद्यार्थ्याच्या रकमेतून साधारणपणे 14 टक्के आधीच कापले जातात.

पुण्या-मुंबईत पीएचडी करणाऱ्यांसाठी फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिप हा खरा रस्ता आहे, कारण ती भारतातल्या संस्थेत नोंदणी असलेल्यांसाठीच आहे. मात्र तिचा व्हिसा जे-1, म्हणजे शैक्षणिक देवाणघेवाणीचा असतो. काम संपल्यावर दोन वर्षं मायदेशी काढल्याशिवाय एच-1बी हा नोकरीचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. अमेरिकेत लगेच नोकरी करायचा बेत असेल, तर अर्ज भरण्याआधीच याचा विचार करा.