बाथरूमची परवानगी तिसऱ्या बैठकीत कशी मिळाली

खालच्या काकूंच्या छताला ओल आली, तेव्हा आमच्या बाथरूमची फरशी उखडणं भाग होतं. सोसायटीत असं काम करायचं तर कमिटीची लेखी परवानगी लागते, उपविधींत तसं स्पष्ट आहे. मी सरळ बैठकीत जाऊन बोललो. चेअरमन शांतपणे म्हणाले, "विषयपत्रिकेवर नाही." आयत्या वेळच्या विषयांत घ्या म्हटलं, तर त्याला म्हणे अध्यक्षांची परवानगी लागते. अध्यक्ष तेच!

दुसऱ्या बैठकीला कोरम झाला नाही. चहा मात्र झाला.

मग मी सेक्रेटरींकडचं जुनं इतिवृत्त चाळलं. मंजूर झालेल्या प्रत्येक कामाखाली ठराव, सूचक, अनुमोदक, 'सर्वानुमते मंजूर'. म्हणजे अडत होतं ते काम नव्हे, वाक्य! ठरावाचा मसुदा मीच लिहिला. कामाच्या वेळा, राबिट, म्हणजे तोडफोडीचा राडारोडा, गोण्यांत भरून जिन्याने उतरवणं, वॉटरप्रूफिंगनंतर 48 तास पाणी साठवून चाचणी, सगळं त्यात घातलं. सूचक म्हणून कमिटीवर असलेल्या काकूंनाच विचारलं. ओल त्यांच्याकडेच होती ना. अर्ज दोन प्रतींत दिला, एकीवर पोच घेतली.

तिसऱ्या बैठकीत मागचं इतिवृत्त वाचण्यात वीस मिनिटं गेली, त्यात 'अनुमोदक'चा उकार दुरुस्त झाला. माझा विषय दोन मिनिटांत संपला.

चाचणीच्या दिवशी काकू खालून टॉर्च मारून छत बघत होत्या. कोरडं होतं.