कौटुंबिक संघर्षाचे अपरिचित मराठी चित्रपट जमवताय? या चुका टाळा

सांगली-साताऱ्याकडे घरगुती कलहावरचे, फारसे चर्चेत नसलेले मराठी चित्रपट जमवू पाहणारे अनेक जण केवळ नावावर विसंबतात आणि तिथेच फसतात. ‘प्रपंच’ नावाची मालिका १९९९ मध्ये छोट्या पडद्यावर आली, त्यामुळे १९६१ चा त्याच नावाचा चित्रपट शोधणाऱ्याच्या हाती मालिकेचेच भाग लागण्याचा संभव असतो. वास्तविक त्या चित्रपटाची गीते आटपाडी तालुक्यातील शेटफळ्याला जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांची असल्याने आपल्या भागातील संग्रहात तो असायलाच हवा. ‘उंबरठा’ हिंदीत ‘सुबह’ म्हणूनही निघाला आणि दोन्हींत स्मिता पाटीलच आहेत. म्हणून नावासोबत साल, दिग्दर्शक आणि भाषाही टिपून ठेवावी.

जुनी व्हीसीडी घेताना पाकीट उघडून पाहावे. एका तबकडीत साधारण ७४ ते ८० मिनिटेच मावतात, त्यामुळे बहुतेक चित्रपट दोन तबकड्यांत असतो. दुसरी गहाळ असेल तर भांडण कळते, पण त्याचा शेवट कळत नाही.

याहून मोठी चूक पाहण्यातली आहे. घरात भांडण दिसले की त्यातला दुष्ट कोण, हे आपण आधी शोधू लागतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘वास्तुपुरुष’मध्ये (२००२) असा खलपुरुष सापडत नाही, मुलाने डॉक्टर व्हावे म्हणून झटणारी आई, गांधीविचाराला धरून राहिलेले वडील आणि गुप्तधनासाठी वाडा खणणारा काका, ही सगळी माणसे आपापल्या परीने ओसरत चाललेल्या घरातच वाट शोधत असतात. जमीन कसणाऱ्या कुळांना तिची मालकी देणाऱ्या कूळकायद्याने जमीनदार घरांचे उत्पन्न कसे आटले, हे ठाऊक नसेल तर ते खणणे निव्वळ वेडेपणा वाटेल. सातबाऱ्यावरच्या नावावरून अबोला धरलेली घरे आपल्याकडे गावोगाव आहेत, तेव्हा हे समजायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. मात्र चित्रपट पुढे पळवत पाहिला, तर पंगतीत कोणी कोणाला वाढायचे टाळले, हे नेमके निसटते.

कृष्णेचे २००५ आणि २०१९ चे महापूर पाहिल्यावर सांगलीत तरी संग्रह तळमजल्यावर ठेवू नये. चिखलात भिजलेली तबकडी फडक्याने घासू नये. ती स्वच्छ पाण्याने धुऊन, मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ टिपून सावलीत वाळवावी आणि चालू लागताच तिची प्रत करून घ्यावी.