ब्रॉडबँडच्या लँडलाइनवर कॉर्डलेस फोन जोडताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील अनेक घरांत ब्रॉडबँडबरोबर लँडलाइनचा क्रमांक अजून चालू आहे. वडीलधाऱ्यांना तोच क्रमांक पाठ असतो, म्हणून पुण्याला किंवा बेंगळुरूला नोकरी करणारी मुले सुट्टीला येताना त्यांच्यासाठी कॉर्डलेस संच घेऊन येतात. संच मांडायला दहा मिनिटेही लागत नाहीत, पण टोन येत नाही, आवाज खरखरतो किंवा फोन वाजला की नेट तुटते, अशा तक्रारी त्याच संध्याकाळी सुरू होतात. बहुतेक वेळा दोष संचात नसतो, तर सॉकेटपासून संचापर्यंतच्या दोन-तीन हात वायरीत असतो. त्यामुळे नवा संच आला म्हणून जुना वायरचा फोन भंगारात देण्याची घाई करू नये. तो थेट लाइनला लावून टोन ऐकला की दोष लाइनचा आहे की कॉर्डलेसचा, हे लगेच कळते. टोन आल्यावर एखादा अंक दाबून काही क्षण शांतपणे ऐकावे. तरीही खरखर असेल, तर सांधा ओला किंवा गंजलेला असण्याची शक्यता मोठी. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील पावसात हे नेहमीचेच.

सर्वांत मोठी चूक म्हणजे आपली जोडणी तांब्याच्या तारेची आहे की फायबरची, हे न पाहताच वायर खोचणे.

तांब्याच्या तारेवर बोलणे आणि इंटरनेट एकाच जोडीतून येतात. आवाज साधारण ४ किलोहर्ट्झच्या आत असतो आणि ब्रॉडबँडचे संकेत सुमारे २५ किलोहर्ट्झच्या वर असतात. त्यांना वेगळे करण्याचे काम स्प्लिटर ही लहानशी डबी करते. तिच्यावर लाइन, मोडेम आणि फोन अशी तीन तोंडे असतात. भिंतीकडून येणारी वायर लाइनमध्ये, मोडेमची मोडेममध्ये आणि कॉर्डलेसच्या बेसची, म्हणजे वायर जोडलेल्या एका जागी राहणाऱ्या भागाची, फोनमध्ये गेली पाहिजे. बेस स्प्लिटरला वगळून थेट सॉकेटवर लावला, तर टोन येतो, बोलणेही होते, आणि म्हणूनच ही चूक महिनोन्महिने लपून राहते. पण घंटी वाजवण्यासाठी एक्स्चेंजकडून लाइनवर विजेचा बराच जास्त दाब सोडला जातो, त्या धक्क्याने मोडेमचा ताल चुकतो आणि दोष मात्र मोडेमला दिला जातो. वरच्या मजल्यावर किंवा दुकानात समांतर फोन असेल, तर त्यालाही वेगळा फिल्टर लागतो.

फायबरच्या जोडणीत स्प्लिटरचा प्रश्नच उरत नाही. तिथे फायबरच्या डब्यावर, म्हणजे ओएनटीवर, टेल, फोन किंवा पॉट्स असे लिहिलेले अरुंद तोंड असते आणि बेसची वायर तिथेच लावायची असते. फायबर आल्यावर भिंतीतील जुने सॉकेट निर्जीव होते, हे लक्षात न आल्याने अनेक जण त्यातच बेस जोडून टोनची वाट पाहत बसतात. दुसरे काही जण फोनची बारीक पिन लॅनच्या, म्हणजे संगणकाच्या नेट वायरीच्या, रुंद तोंडात घालतात. ती आत जाते खरी, पण टोन येत नाही आणि तोंडाच्या कडेच्या पट्ट्या वाकण्याची भीती असते. ओएनटीचा टोन घरातल्या जुन्या वायरिंगमध्ये सोडून सगळ्या खोल्यांत फोन चालू करायचा असेल, तर खांबावरून येणारी तांब्याची जोडी आधी मुळापासून सोडवून घ्यावी. तिच्यावर एक्स्चेंजचे ४८ व्होल्ट अजून असले, तर डब्याचे फोनचे तोंड जळू शकते.

अडॅप्टरच्या बाबतीत मी स्वतः फसलो आहे. गणपतीच्या आधी कपाट आवरताना दोन काळे अडॅप्टर अदलाबदल झाले. राउटरचा होता १२ व्होल्टचा, बेसचा जेमतेम ६ च्या आसपासचा, आणि पिन मात्र एकसारखी. बेसने एकदा दिवा दाखवला तो शेवटचा. तेव्हापासून मी अडॅप्टरवर पांढऱ्या चिकटपट्टीने नाव लिहितो. अमेरिकेतील नातेवाइकांनी आणलेला संच तर वापरूच नये. त्याचा अडॅप्टर १२० व्होल्टचा असू शकतो आणि तिथल्या कॉर्डलेसची १९२० ते १९३० मेगाहर्ट्झची पट्टी आपल्याकडे मोबाइल सेवेच्या वाट्याला आलेली आहे.

बॅटरी संपली की दुकानातले साधे सेल घालू नयेत. हँडसेटला पुन्हा चार्ज होणारे १.२ व्होल्टचे निकेल-मेटल हायड्राइड सेलच हवेत. बेस राउटरपासून निदान हातभर दूर, उंचावर आणि लोखंडी कपाटापासून लांब ठेवावा. खोक्यावर लिहिलेले घरात ५० मीटर हे अंतर जाड जांभ्या दगडाच्या भिंतींचे घर पाहून लिहिलेले नसते. जुन्या २.४ गिगाहर्ट्झच्या संचाने वायफाय मंदावत असेल, तर १.९ गिगाहर्ट्झवर चालणारा डेक्ट प्रकारचा कॉर्डलेस संच घेणे हाच सरळ उपाय.

सीमाभागात मात्र एक तक्रार खास आपली आहे: कोल्हापूरच्या मावशीला फोन लागतो, पण गावातल्याच भाच्याच्या मोबाइलला लागत नाही. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कोणत्याही मोबाइलला आधी शून्य लावावे लागते. त्यापूर्वी शून्य फक्त दुसऱ्या सर्कलमधील, म्हणजे दुसऱ्या दूरसंचार विभागातील, मोबाइलला लागत असे, त्यामुळे चंदगड-गडहिंग्लजकडचे क्रमांक आपल्या वहीत शून्यासह आणि कर्नाटकातले शून्याशिवाय लिहिलेले राहिले. जुनी वही समोर ठेवून हँडसेटमध्ये क्रमांक भरले, की हा घोळ जसाच्या तसा नव्या संचात उतरतो. आलेल्या फोनच्या यादीतून परत फोन करतानाही अनेकदा शून्य नसते, तेव्हा ते आपण घालावे.

वीज गेली की तांब्याच्या लाइनवर जुना वायरचा फोन चालतो, कारण त्याला एक्स्चेंजच्या बॅटरीचा आधार असतो. कॉर्डलेसचा बेस मात्र लगेच बंद पडतो. फायबरवर तर ओएनटीही बंद होतो, म्हणून दोघांनाही इन्व्हर्टरच्याच पॉइंटवर घ्यावे. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग दिसू लागले, की बेसचा अडॅप्टर आणि लाइनची वायर दोन्ही काढून ठेवावीत. फायबरच्या काचेतून आकाशातली वीज येत नाही, पण अडॅप्टरच्या मार्गाने येते, म्हणून ओएनटीचा अडॅप्टरही काढावा. पाऊस सरल्यावर आधी ओएनटी चालू करावा आणि त्यावरील फोनचा दिवा स्थिर झाल्यावरच बेसची वायर लावून टोन पाहावा.